मागाच्या खडखडाटाला कान सरावत नाहीत

धोट्याचे माग चालू असलेल्या शेडमध्ये आवाज सहसा ९० डेसिबलच्या वर आणि पुष्कळदा शंभराच्या आसपास असतो. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथे कामाला लागलेल्या नव्या पोराला जुने लोक धीर देतात, ‘‘महिनाभर त्रास होईल, मग कान सरावतात.’’ हे साफ चूक आहे. आवाज झेलणाऱ्या पेशी मरू लागतात, म्हणून तोच खडखडाट कमी वाटतो.

अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या मेल्यावर पुन्हा उगवत नाहीत. पाळी सुटल्यावर कान भरल्यासारखे वाटणे, बारीक ‘सूं’ आवाज येणे आणि सकाळपर्यंत ते सगळे ओसरणे ही पहिली खूण. ओसरले म्हणजे कान बरा झाला, असा समज करून घेतला जातो. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवून दिले, की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि श्रवणाची नस यांच्यातले अनेक जोड कायमचे तुटतात आणि पुढे नसेचे तंतूही झडतात. गर्दीत, लग्नाच्या मांडवात शब्द न उमगण्याचे एक कारण हेच असावे.

तपासणीच्या आलेखात पहिला खड्डा पडतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. स, श, च यांसारखे बारीक ध्वनी गळतात, जाड आवाज मात्र ऐकू येतात. त्यामुळे आपल्याला कमी ऐकू येते हे वर्षानुवर्षे कबूलच होत नाही. आयुष्य मागावर काढलेल्या एका कामगाराची दवाखान्यातली तक्रार स्वतःच्या कानाविषयी नव्हतीच. ‘‘सूनबाई तोंडातल्या तोंडात बोलते,’’ एवढेच त्याचे म्हणणे. मोबाइलवर पाहून तो रोज लसणीचे तेल कानात घालत होता. बहिरेपण होते तिथेच राहिले. वर कानात बुरशी धरली.

तेल पडद्याच्या अलीकडेच थांबते, केसपेशी त्याच्या पलीकडे खोल असतात. रस्त्यावर कान कोरून घेणे किंवा ‘नसांच्या ताकदीची’ इंजेक्शने टोचून घेणे यानेही त्या परत येत नाहीत. पैसे मात्र जातात, आणि कोरणाऱ्याचा हात चुकला तर पडदाही.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथला आवाज घातक समजावा. मागाने येणारे बहिरेपण हळूहळू आणि बहुधा दोन्ही कानांना येते. एकाच कानाने कमी ऐकू येणे, चक्कर, कानातून पू किंवा रक्त येणे याचा दोष मागावर ढकलून स्वस्थ बसू नये. एखाद-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठावा. या आजारात उपचाराला उशीर महाग पडतो.

दिलासा एवढाच, की कान आवाजापासून वाचवला तर ही हानी सहसा आहे तिथेच थांबते. गेलेल्या ऐकण्याला श्रवणयंत्राची बरीच मदत होते. ते लावण्यात लाज कसली?

सावध हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास, मग दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा. शंभरला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. कापसाचा बोळा इथे कुचकामी. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सारावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग केवळ मालकाला दाखवण्यापुरता. गप्पांसाठी तो मधूनमधून काढला, तर बरेचसे संरक्षण वाया जाते.

कानाची तपासणी कामावर लागतानाच आणि नंतर दर वर्षी व्हावी, तीही निदान चौदा तास शांततेत काढल्यावर. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत या बहिरेपणाची नोंद होती. भरपाईचा प्रश्न निघाला, की पहिल्या दिवसाचा आलेख लागतो. तो कामगाराने स्वतःजवळ ठेवावा.