माळ्यावरचं खोकं मुलांसमोर उघडा



दिवाळीच्या तोंडावर माळा आवरताना एक खोकं हमखास खाली येतं. त्यात बंद पडलेला ट्रान्झिस्टर असतो, झाकण तुटलेला टेपरेकॉर्डर, कॅसेटींचा ढीग, चावीचं घड्याळ, एखादा रिळाचा कॅमेरा. भंगारात द्यायचं की ठेवायचं, यावर घरात थोडी चर्चा होते आणि बहुधा ते जसंच्या तसं परत वर जातं. यंदा ते खालीच राहू द्या, मुलांच्या हाताशी.

आपल्या पिढीचं बालपण या वस्तूंभोवती गेलं. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी रेडिओच्या पुणे केंद्रावरच्या प्रादेशिक बातम्यांत सुधा नरवणे यांचा आवाज आला की डबे भरायची घाई उडायची. वेगळं घड्याळ बघावं लागत नसे. ‘आपली आवड’मध्ये कुणाकुणाची फर्माईश लागली ते कान देऊन ऐकायचं. बुधवारी रात्री अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागली की अख्खा वाडा एका सुरात. व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलायचा नाही. आतल्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत थांबावं लागे. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे, ही पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की ते गच्चीवर उन्हात ठेवून आणखी दोन दिवस ओढायचे. शेजाऱ्यांचा फोन नंबर आपल्या पत्त्याखाली ‘पी.पी.’ म्हणून लिहायचा आणि हाक आली की चप्पल न घालता धावायचं.

हे सगळं मुलांना सांगावंसं वाटतं आणि सांगावंच. पण कसं सांगतो आपण? ‘तुम्हाला सगळं आयतं मिळतं, आमच्या वेळी असं नव्हतं.’ एवढं ऐकलं की मुलाचं लक्ष उडालेलंच असतं. त्याला आठवण ऐकू येत नाही, बोलणी ऐकू येतात. शिवाय जुन्या दिवसांचं आपण रंगवतो ते गोड चित्र पुरं खरंही नसतं. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळणारी माणसं आपण पाहिली आहेत. गावाकडे कुणी आजारी पडल्याचं कळायला उशीर व्हायचा, त्याची हुरहुर घराघरात होती. ते दिवस अडचणीचेही होते, हेही मुलांना मोकळेपणानं सांगा. खरं ऐकलं की ती आपणहून पुढचं विचारतात.

मला जपण्यासारखं वाटतं ते आणखी वेगळं आहे. त्या यंत्रांचं काम डोळ्यांना दिसायचं. कॅसेट घ्या. झाकणाच्या काचेतून दोन चक्र्या फिरताना दिसतात, एकीवरची फीत कमी होते, दुसरीवरची वाढते. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. मागच्या कडेची छोटी पट्टी मोडली की त्यावर नवीन रेकॉर्डिंग होत नाही. पुन्हा करायचं असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. ही युक्ती एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायची, कुठल्याही पुस्तकाशिवाय.

हीच कॅसेट आज मुलाबरोबर गणितालाही घेता येईल. फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटीमीटर सरकते. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटं, म्हणजे १८०० सेकंद वाजते. गुणाकार मुलालाच करू द्या. उत्तर येतं सुमारे साडेपंच्याऐंशी मीटर, क्रिकेटच्या खेळपट्टीच्या चौपटीहून लांब. एवढी फीत तळहाताएवढ्या डबीत मावते, हे कळल्यावर मुलाचे डोळे कसे होतात ते बघा.

रेडिओ चालू असेल आणि त्यावर मीडियम वेव्ह असेल, तर एक प्रयोग करा. दुपारी सगळा पट्टा फिरवून जी केंद्रं लागतील ती लिहून ठेवा, मग रात्री पुन्हा फिरवा. रात्री लांबलांबची केंद्रं खरखरीतून वर येतात. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक विद्युतभारित थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि त्याहून उंचावरच्या थरावरून लहरी परावर्तित होऊन दूरवर पोचतात. टीव्हीनंही लहरींबद्दल असंच काही शिकवलं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं घराघरातलं कुणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवत असे आणि खालून ‘मुंग्या आल्या, थोडं डावीकडे’ अशी ओरड चाले. लहरी एका दिशेनं येतात, त्या झेलायला दांड्या तिकडे वळवाव्या लागतात, हे आपण असं शिकलो.

आजचा मोबाइल कितीतरी पटींनी जास्त करतो, पण त्याच्या गुळगुळीत काचेमागे काय चाललंय ते दिसत नाही. ‘हे कसं चालत असेल?’ हा प्रश्न पडायला जागाच उरत नाही. त्यात मुलांचा काय दोष? टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्यात ‘आयुका’ या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात हेच दाखवून दिलं: मूल वस्तू मोडतं, जोडतं, तेव्हा ते शिकत असतं. खोक्यातल्या टेपरेकॉर्डरमध्ये मोटर आहे, पट्टा आहे, स्पीकरमागे लोहचुंबक आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला निम्मा धडा तिथंच पडलेला आहे.

मात्र थोडी काळजी घ्या. सेलवर चालणारी वस्तू सेल काढूनच उघडा. वायर भिंतीत लागणारी उपकरणं जाणत्या माणसाशिवाय उघडू नका. जुना डबा टीव्ही आणि फ्लॅशचा कॅमेरा तर मुळीच नको. बंद असतानाही त्यांत धक्का देण्याइतका विद्युतभार साठलेला असू शकतो. खेळून झाल्यावर उरलेलं कचराकुंडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

आणि उघडण्याआधी कॅसेटी एकदा वाजवून पाहा. एखादीवर आजीच्या ओव्या असतील, परदेशातल्या काकांनी पाठवलेली बोलती चिठ्ठी असेल, तुमचीच बालवाडीतली कविता असेल. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर जोडून ते संगणकावर उतरवून घेता येतं. फितीवरचं चुंबकीय ध्वनिमुद्रण काळानं क्षीण होत जातं, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका.

एखाद्या रविवारी जमिनीवर जुना कागद पसरा, स्क्रूड्रायव्हर मुलाच्या हातात द्या आणि स्वतः शेजारी बसा. एखादा स्क्रू हरवेल, एखादी वस्तू पुन्हा जोडली जाणार नाही, रागावू नका. मुलानं विचारलेलं तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा आणि दोघं मिळून उत्तर शोधा. हात चालू असताना तुमच्या बालपणाच्या गोष्टी आपसूक निघतील आणि मुलं त्या कान देऊन ऐकतील, कारण त्या वेळी तुम्ही त्यांना काही शिकवायला बसलेले नसाल, त्यांच्याबरोबर काहीतरी करत असाल.