शोधणाऱ्याचा शब्द

मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी वाशीची खाडी ओलांडतो, नेरूळ, बेलापूर, खारघर ही नगरे मागे टाकतो आणि कळंबोलीच्या मोठ्या चौकात येऊन पोहोचतो. येथून एक वाट पुण्याकडे जाते, एक पनवेलवरून कोकणात उतरते, एक उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे वळते, तर एक मुंब्र्याच्या दिशेने जाते. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग येथूनच सुरू होतो. प्रवाशाचे लक्ष बहुधा या रस्त्यांकडेच असते. परंतु तो जरा आत वळला, तर एक निराळेच जग त्याच्या दृष्टीस पडेल. लांबच लांब गुदामे, त्यांच्या दारांशी खोळंबलेल्या मालमोटारी, क्रेनला टांगलेले सळयांचे भारे, आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा दिवसभर चालणारा खणखणाट! हा कळंबोलीचा लोखंड बाजार होय.

हा व्यापार पूर्वी मुंबई बेटावरील दाट वस्तीत चालत असे. बारा मीटर लांबीच्या सळया अरुंद गल्ल्यांतून वाहून नेणे म्हणजे माणसांस व वाहनांस सारखीच पीडा होती. १९७० साली नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको ही संस्था स्थापन झाली, आणि पुढे तिने लोखंडाच्या व्यापारासाठी कळंबोली येथे प्रशस्त जागा आखून दिली. गुदामे ऐसपैस झाली, मालमोटारींस वळावयास जागा मिळाली. गिऱ्हाईक मात्र दूर राहिले. जुन्या बाजारात गल्लीत शिरलेला माणूस दहा दुकाने पाहत पाहत जाई. एका दारी भाव पटला नाही, तर दुसऱ्या दारी उभा राही. दुकानाची पाटी, मालाचा ढीग आणि दुकानदाराची हाक एवढ्यावर काम भागत असे. आज कर्जतला किंवा महाडला घर बांधू इच्छिणारा मनुष्य प्रथम हातातील भ्रमणध्वनीवर दोन-तीन शब्द लिहितो आणि पडद्यावर जी नावे वर येतील, त्यांतील एखाद्याकडे चौकशी करतो. ज्या दुकानाचे नाव तेथे येत नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

अशा बाजारातील एका लहान दुकानदाराची कल्पना करू. त्याने पैसे खर्चून आपल्या दुकानाचे संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, तयार करविले. वरच्या बाजूस मोठ्या अक्षरांत मजकूर घातला : 'लोह व पोलाद उत्पादनांचे अग्रगण्य वितरक. गुणवत्ता हीच आमची ओळख.' खाली गुदामाचे चित्र, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक. भाषा शुद्ध, चित्र सुबक. महिना गेला, दोन महिने गेले. तिकडे कोणी फिरकले नाही. माल उत्तम होता, भाव रास्त होता, मग उणे काय होते?

त्याचे उत्तर शोधयंत्राच्या कामाच्या रीतीत आहे. सर्च इंजिन या नावाने सर्वांच्या परिचयाचे असलेले हे यंत्र, प्रश्न विचारल्यावर साऱ्या जगातील संकेतस्थळे धुंडाळू लागते, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. धुंडाळण्याचे काम आधीच होऊन गेलेले असते. यंत्राची आज्ञावली एका पानावरून दुसऱ्या पानावर जात असते, प्रत्येक पानावरील शब्द टिपून घेते आणि एक प्रचंड सूची तयार ठेवते : अमुक शब्द अमुक पानांवर आला आहे. ग्रंथाच्या अखेरीस जशी शब्दसूची असते, तशीच ही. कल्पना नवी नव्हे. ऋग्वेदाची 'सर्वानुक्रमणी' कात्यायनाच्या नावावर आहे. तीत प्रत्येक सूक्ताचा आरंभ, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद केलेली आहे. हजाराहून अधिक सूक्तांतून हवे ते नेमके काढता यावे, ही निकड आपल्या पूर्वजांसही भासली होती. फरक एवढाच, की सूचीत काय घ्यावयाचे ते अनुक्रमणीचा कर्ता स्वतः ठरवीत होता. शोधयंत्राच्या सूचीत पानावर जे लिहिले असेल ते येते. जे लिहिलेच नाही, ते तेथून हुडकून काढणे यंत्रास कठीण जाते.

आता कर्जतच्या त्या गृहस्थाकडे वळू. त्याने भ्रमणध्वनीवर 'लोह व पोलाद उत्पादने' असे लिहिले असेल काय? मुळीच नाही. गवंड्याने त्याला सांगितले होते, "दादा, बारा एमएमची सळई लागेल, आणि रिंगांसाठी आठची." तेच शब्द कानांत घोळवीत त्याने 'सळई' हा शब्द लिहिला. दुकानदाराच्या पानावर 'सळई' हा शब्द एकदाही आलेला नव्हता! दोघेही एकाच वस्तूविषयी बोलत होते. परंतु एकाचा शब्द दुसऱ्याच्या पानावर नव्हता, आणि त्यामुळे त्यांची गाठ पडली नाही.

शोध घेणारा मनुष्य जो शब्द लिहितो, त्यास शोधशब्द म्हणावे; व्यवहारात त्यासच कीवर्ड म्हणतात. कोणता शब्द निवडावा, याचा निर्णय विकणाऱ्याच्या आवडीने होत नसतो. भाषेत एका वस्तूची अनेक नावे असतात. 'अमरकोशा'त लोखंडास लोह, अयस्, कालायस, अश्मसार अशी नावे दिली आहेत. अश्मसार म्हणजे दगडाचे सार! किती अर्थपूर्ण शब्द हा! पण कळंबोलीच्या बाजारात कोणी "शेठ, अश्मसार काय भाव?" असे विचारले, तर शेठ क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहतच राहील. तेथे सळई, पत्रा, अँगल, चॅनेल, पट्टी, पाइप हेच शब्द चालतात. त्यांतील काही इंग्रजीतून आले आहेत म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. कामगारांच्या तोंडी रुळून ते आता मराठीचेच झाले आहेत.

सरकारी व्यवहारातही हाच अनुभव येतो. जमिनीच्या कागदपत्रांत 'गाव नमुना सात' म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि 'गाव नमुना बारा' म्हणजे पिकांची नोंदवही. शेतकऱ्याला विचारावे, तर तो एकच शब्द जाणतो : सातबारा. हा उतारा आता संकेतस्थळावर पाहावयास मिळतो. त्याच्या पानावर केवळ 'अधिकार अभिलेख' एवढेच लिहिले असते, तर किती शेतकरी तेथवर पोहोचले असते? कागदावर शासनाचा शब्द अवश्य असावा. परंतु दार उघडते ते शेतकऱ्याच्या शब्दाने.

मग हे शब्द मिळवावे कोठून? पहिले स्थान म्हणजे दुकानाचा गल्ला. दिवसभरात गिऱ्हाइके कोणत्या शब्दांत मागणी करतात, दूरध्वनीवर पहिले वाक्य कोणते येते, हे एखाद्या वहीत आठवडाभर उतरून ठेवले, तर कोणत्याही तज्ज्ञाच्या सल्ल्याहून अधिक मोलाचा शब्दसंग्रह हाती येतो. दुसरे साधन शोधयंत्रातच आहे. त्याच्या चौकटीत 'सळई' असे लिहिताच खाली काही सूचना दिसू लागतात. लोक त्या शब्दाला जोडून आणखी काय विचारीत असतात, याचा त्यांवरून अंदाज येतो. गूगलने २००६ साली 'ट्रेंड्स' नावाची सोयही उपलब्ध करून दिली. एखाद्या शब्दाचा शोध कोणत्या काळी व कोणत्या प्रदेशात अधिक झाला, ते तीत रेषांच्या आलेखाने पाहता येते.

तथापि लोकांच्या तोंडचा प्रत्येक शब्द उपयोगाचा असतोच असे नाही. 'चॅनेल' हा शब्द पाहा. लोखंड बाजारात चॅनेल म्हणजे तीन बाजू असलेला, पन्हळीसारखा लोखंडी दांडा. पण शंभर जण हा शब्द लिहितील, तेव्हा बहुतेकांच्या मनात दूरदर्शनसंचावरील वाहिनी असेल. अशा शब्दाला सोबती द्यावा लागतो : 'लोखंडी चॅनेल'. 'लोखंड' या शब्दाची अडचण निराळी आहे. तो फार विस्तीर्ण आहे. शाळेसाठी निबंध लिहिणारा विद्यार्थी, भंगार विकणारा, रक्तातील लोहाविषयी वाचू पाहणारा, असे सर्व जण त्या एका शब्दाच्या दाराशी गर्दी करतात. याउलट 'कळंबोली बारा एमएम सळई भाव' असे लिहिणारे थोडेच असतील. पण जो लिहील, त्याच्या घराचा पाया खणून झालेला असण्याचा संभव अधिक. लहान दुकानदाराने गर्दीच्या शब्दामागे धावण्यापेक्षा अशा नेमक्या शब्दसमूहाची कास धरणे शहाणपणाचे.

गावाचे नावही जपून लिहावे लागते. कळंब नावाचा एक तालुका यवतमाळ जिल्ह्यात आहे, दुसरा धाराशिव जिल्ह्यात. नुसते 'कळंब' लिहिले, तर गिऱ्हाईक रायगडाऐवजी विदर्भात किंवा मराठवाड्यात जाऊन पोहोचेल. उत्तरेकडून आलेले कित्येक चालक व व्यापारी 'ळ'च्या जागी 'ल' लिहितात. त्यांच्या लेखी गावाचे नाव 'कलंबोली'. पुष्कळांना कळंबोली ठाऊकच नसते. ते 'पनवेल' किंवा 'नवी मुंबई' असे लिहितात. म्हणून पत्ता देताना 'कळंबोली, पनवेलजवळ, नवी मुंबई' असा पूर्ण दिलेला बरा.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्या भाषेत विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. 'पत्रा' या शब्दाचे 'पत्र्याचा' होते, 'लोखंड' याचे 'लोखंडाचा', आणि 'सळई'चे अनेकवचन 'सळया'. शिवाय 'पत्र' म्हणजे चिठ्ठी. तिचे 'पत्राचा' असे रूप 'पत्र्याचा' याच्या किती जवळ येते! माणसाला संदर्भाने अर्थ कळतो. यंत्र प्रथम अक्षरे जुळवून पाहते. आजची शोधयंत्रे शब्दांची रूपे, समानार्थी शब्द आणि लेखनातील चुकाही बऱ्याच अंशी ओळखतात, हे खरे. तरीही साऱ्या पानावर 'पत्र्याचे', 'पत्र्यांना' अशीच रूपे असण्यापेक्षा मथळ्यात एकदा तरी 'पत्रा' हे मूळ रूप स्पष्ट यावे, हे उत्तम. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यास सामान्यरूपाचा असाही उपयोग होईल, असे क्वचितच वाटले असेल.

शब्द निवडल्यावर ते ठेवावे कोठे? पानाच्या शीर्षकात, मथळ्यात, आणि पहिल्या काही ओळींत. तेही सहज वाचता येईल अशा वाक्यांत. येथे मोहाचा एक प्रसंग येतो. एकदा लिहिल्याने लाभ होतो, तर शंभरदा का लिहू नये? शोधयंत्रांच्या आरंभीच्या काळात काही जणांनी नेमके हेच केले. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहावयाचा; वाचकाला तो दिसत नसे, यंत्रास मात्र दिसे! पानामागे शोधशब्दांसाठी एक गुप्त जागा असे. तीत आपल्या दुकानात नसलेल्या मालाची नावेही भरली जात. पण फसवणूक उघडकीस येत गेली. १९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी गूगलची स्थापना केली, ती एक निराळी कसोटी घेऊनच : इतर किती व कोणत्या पानांनी या पानाकडे बोट दाखविले आहे, हेही पाहावयाचे. पुढे सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीर केले, की पानांचा क्रम लावताना त्या गुप्त जागेतील शब्दांचा विचारच केला जात नाही. एकच शब्द कोंबून भरलेली पाने तर मागेच लोटली जातात.

तेव्हा आपल्या दुकानदारापुढे सरळ मार्ग एकच उरतो. ज्या शब्दाने गिऱ्हाईक येईल, त्या शब्दाचे उत्तर पानावर असले पाहिजे. सळई घेणाऱ्याचा नित्याचा प्रश्न असतो वजनाचा, कारण सळई नगावर मोजली तरी विकली जाते वजनावर. एक घनमीटर पोलाद सुमारे ७८५० किलोग्रॅम भरते. त्यावरून एक सोपा हिशेब निघतो : सळईच्या जाडीचे मिलिमीटर घ्यावेत, त्यांचा वर्ग करावा व १६२ ने भागावे, दर मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. बारा मिलिमीटरच्या सळईसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलोग्रॅम, बारा मीटरची पूर्ण सळई सुमारे १०.६७ किलोग्रॅम. आठपासून पंचवीस मिलिमीटरपर्यंतच्या सळयांचे असे कोष्टक मराठीत मांडले, त्यावर 'सळईचे वजन' हा मथळा दिला आणि खाली त्या दिवशीचा भाव लिहिला, तर गिऱ्हाईक तेथे थांबेल. काट्यावर माल नीट तोलला जातो की नाही, हेही त्याला घरबसल्या ताडून पाहता येईल. आणि प्रामाणिक दुकानदारास त्याचे भय नाही.

हे पान एकदा लिहून मात्र चालत नाही. बाजारातील शब्द बदलत असतात. काही दशकांपूर्वी घरोघरी पीळ दिलेल्या सळया वापरीत. त्यांस 'टोर' म्हणत. पुढे तापलेल्या सळईवर पाण्याचा मारा करून तिचा बाहेरचा थर कठीण व गाभा लवचीक ठेवण्याची रीत आली आणि 'टीएमटी' हे नाव रूढ झाले. नवा अभियंता 'टीएमटी' असे लिहितो. जुना गवंडी अजूनही "टोर आणा" म्हणतो, आणि त्याचे ऐकून घरमालकही तोच शब्द भ्रमणध्वनीवर लिहितो. जाणता दुकानदार आपल्या पानावर एक ओळ त्याच्यासाठी राखून ठेवील : 'पूर्वी टोर सळई वापरीत; आता तिच्या जागी टीएमटी सळई मिळते.'

स्वाध्याय

१. लोखंड बाजार कळंबोलीस आल्यावर दुकानदार व गिऱ्हाईक यांच्या भेटीची रीत कशी बदलली?
२. शोधयंत्राची सूची व 'सर्वानुक्रमणी' यांतील साम्य आणि फरक सांगा.
३. 'चॅनेल' या शब्दाप्रमाणे दोन निराळे अर्थ असलेले पाच शब्द शोधा व प्रत्येकास योग्य सोबती द्या.
४. 'पत्रा', 'सळई', 'लोखंड', 'काटा' या शब्दांची सामान्यरूपे लिहा.
५. सोळा मिलिमीटर जाडीच्या बारा मीटर लांब सळईचे वजन काढा.
६. आपल्या गावातील एखाद्या कारागिराकडे जाऊन, गिऱ्हाइके कोणत्या शब्दांत मागणी करतात, ते वहीत उतरून आणा.