परिस्थिती, संस्कार आणि विद्यार्थ्याचे यश

एखादे मूल अभ्यासात मागे पडले की, 'त्याच्या डोक्यातच नाही' असा शेरा देऊन आपण मोकळे होतो. असा शेरा देण्यापूर्वी ते मूल कोणत्या घरातून येते, तेथे त्यास दिवा, जागा व निवांत वेळ मिळतो काय, याचा विचार शिक्षकाने करावयास हवा.

आपल्या वऱ्हाडातीलच उदाहरण घेऊ. डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. अमरावती व पुणे येथील शिक्षणानंतर ते विलायतेस गेले आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून व बॅरिस्टर होऊन परतले. बुद्धी त्यांची स्वतःची होती, हे खरे; परंतु मुलाच्या शिक्षणासाठी शेतीवर कर्ज काढणारे वडीलही त्यांस लाभले होते. बीज उत्तम असले तरी भुई व पाणी लागतेच.

मात्र ज्याच्या घरी गहाण टाकावयास शेतच नाही, त्या मुलाने काय करावे? पंजाबरावांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांची एकत्र राहण्याची व शिकण्याची सोय केली. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुल्या केल्या. विहिरीवर दूर उभे राहण्यास जो शिकतो, तो वर्गातही मागेच बसतो. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. जे एका घरास देता येत नाही, ते समाजाने द्यावयाचे असते, हाच यातील बोध होय.

हिवरखेडसारख्या गावी कापसाच्या वेचणीचे दिवस आले की हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. आई वेचणीस जाते. थोरली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळीत घरी राहते. तिचा पाढा चुकतो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. अशा वेळी शिक्षकाने घरभेट घ्यावी, भावंडास घेऊन येण्याची मुभा द्यावी, बुडालेला पाठ स्वतंत्रपणे करून घ्यावा आणि वर्गात तिला पुढे बसवावे.

मुलाचे घर आपणांस बदलता येत नाही. शाळेतील पाच-सहा तास मात्र आपल्या हाती आहेत. आपल्या हजेरीपटावरील असे एक नाव आजच शोधावे आणि त्या घराची वाट धरावी.