घरची गाडी, धंद्याची गाडी

देवरुखला आमचा छोटा गृहउद्योग आहे. कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, पापड, फणसपोळी आणि हंगामात आंबा. बराचसा माल आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो, थोडा रत्नागिरीला. तो ज्या गाडीतून जातो त्याच गाडीतून सासूबाई डॉक्टरकडे जातात, मुलं लग्नाकार्याला जातात आणि गणपतीत मुंबईची माणसं स्टेशनवरून घरी येतात. गाडी टाटा व्हेंचर, डिझेलवरची, सेकंडहँड घेतलेली. हे मॉडेल २०११ साली बाजारात आलं आणि काही वर्षांनी बंद झालं, पण कोकणात आणि घाटावर त्या गाड्या अजून कामावर आहेत. नवा धंदा सुरू केलेल्या मुली आणि बचत गटातल्या बायका मला विचारतात, अशी जुनी डिझेल व्हॅन घ्यावी का? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी आपला रस्ता बघा, मग गाडी.

डिझेल स्वस्त म्हणून डिझेल गाडी, हा हिशोब आता तसाच्या तसा चालत नाही. पेट्रोलचे दर सरकारने २०१० च्या जूनमध्ये मोकळे केले, डिझेलचे २०१४ च्या ऑक्टोबरात. मधल्या चार वर्षांत दोन्हींच्या दरांत एवढी तफावत होती की डिझेल गाडी घेणाऱ्याला दुसरा विचार करायची गरज नव्हती. व्हेंचर त्याच काळातली. आज फरक राहिलाय तो लिटरमागे चौदा-पंधरा रुपयांच्या आत.

तरीही लांबच्या, भरलेल्या, घाटाच्या फेरीला डिझेल परवडतं. डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज १५ धरा, किलोमीटरला ६ रुपये पडतात. पेट्रोल १०४ रुपये आणि मालाने भरलेल्या पेट्रोल व्हॅनला घाटात १३ चं अ‍ॅव्हरेज धरा, ८ रुपये पडतात. कोल्हापूरला जाऊन-येऊन दोनेकशे किलोमीटर होतात, म्हणजे एका फेरीत चारशे रुपये हातात राहतात. महिन्यात अशा फेऱ्या किती होतात ते ज्याचं त्याने मांडावं. गावातल्या गावात दुकानं करायची, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर फिरायचं, असं काम असेल तर जुन्या डिझेलच्या वाटेला जाऊ नका. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं आणि वाचलेले पैसे मिस्त्रीकडे जातात. जवळ पंप असेल तर तिथे सीएनजी बरी.

अ‍ॅव्हरेज विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. टाकी फुल करा, नेहमीच्या रस्त्यावर नेहमीचा माल घेऊन चालवा, पुन्हा त्याच पंपावर फुल करा आणि भागाकार करा.

२. इंजिन गावच्या मिस्त्रीच्या ओळखीचं हवं.

जुनी गाडी घेताना मी याला सगळ्यात जास्त महत्त्व देते. व्हेंचरचं इंजिन १४०५ सीसीचं, म्हणजे मूळचं इंडिकाचं, टर्बो आणि इंटरकूलर जोडलेलं. ताकद ७० हॉर्सपॉवरच्या आसपास. गॅरेजात त्याला ४७५ म्हणतात: चार सिलिंडर आणि ७५ मिलिमीटरचा बोअर. हेच इंजिन निम्मं करून टाटांनी छोटा हत्तीचं, म्हणजे एसचं, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन केलं. ते २००५ च्या पहिल्या एसपासूनचं. पुढे त्याच एसच्या घराण्यात व्हेंचर जन्मली आणि तिला चार सिलिंडरचं पूर्ण इंजिन मिळालं. इंडिका आणि इंडिगो टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं चालवल्या, त्यामुळे साखरपा असो, मलकापूर असो, हे इंजिन उघडलेला माणूस सापडतो. नोझल, पंप, गॅस्केट, बेल्ट यांसाठी अडून राहावं लागत नाही.

बॉडीचं मात्र तसं नाही. सरकत्या दाराचे रोलर, मागचा दिवा, काचा हे फक्त या मॉडेलचं सामान, आणि मॉडेल बंद. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाआधी दोन्ही सरकती दारं चारचार वेळा उघडा-लावा. खालच्या रुळात गंज आहे का, बोट फिरवून बघा. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत पत्रा आधी तिथेच जातो.

३. पाणी, पाणी आणि पाणी.

या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलल्याशिवाय ते दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याकडे माणसाचं लक्ष जात नाही. आमचे मिस्त्री मला पहिल्याच दिवशी म्हणाले, “वहिनी, सकाळी सीट उचला, आधी पाणी बघा, मग देवाचं नाव घ्या.” घाटाची फेरी असेल त्या सकाळी मी हे चुकवत नाही. इंजिन गार असताना बॅटरी घेऊन बघायचं: कूलंट खुणेपर्यंत आहे ना, पाईपच्या क्लिपांशी वाळलेला डाग दिसतो का, खाली अंगणात रात्रीचं ओघळलेलं काही आहे का. गळती सुरू होण्याआधी क्लिपेशी नखाएवढा पांढरट-हिरवट थर धरतो. तो दिसला की त्याच आठवड्यात पाईप बदलायचा. पाईपचा खर्च शेकड्यांत असतो, हेडच्या कामाचा हजारांत.

रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओतू नका. त्यातले क्षार आत थर धरतात, गंज चढतो आणि बारीक नळ्या बुजतात. कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, एवढंच. अडचणीच्या वेळी साधं पाणी घालावं लागलं तर घरी आल्यावर सगळं काढून पुन्हा भरा. “थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी गार राहील,” असं सांगणारे कारागीर भेटतील. त्यांना नको म्हणा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हवं तेवढं तापत नाही, डिझेल जास्त खातं आणि झीजही वाढते.

चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करून पहिल्या मोकळ्या जागी थांबा. झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि एक खूण लक्षात ठेवा: बाहेर कुठे थेंब नाही, तरी पाणी रोज कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केट गेली असं धरून चाला. अशा गाडीने घाट चढायचा नाही, मग आंबा कितीही पिकलेला असो.

४. टायमिंग बेल्टची तारीख भिंतीवर लिहा.

बेल्ट जुना झाला तरी आवाज करत नाही, तुटतो तेव्हाच कळतं. तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. सेकंडहँड गाडीचा बेल्ट कधी बदलला याचं बिल विकणारा दाखवत नसेल तर बदललेला नाही असंच समजा. गाडी घरी आणण्याआधी बेल्ट आणि त्याचा टेन्शनर दोन्ही नवे टाका. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा. पुढचं किलोमीटर आमच्याकडे हिशोबाच्या वहीत आणि मसाल्याच्या खोलीतल्या कॅलेंडरवर, दोन्हीकडे लिहिलेलं असतं.

५. घाट चढताना घाई नको, उतरताना न्यूट्रल नको.

साखरप्याहून वर निघालं की गियर खाली घ्यावा आणि इंजिनाला फिरू द्यावं. वरच्या गियरमध्ये इंजिन दाबत नेल्याने डिझेल वाचत नाही, क्लच प्लेट आणि बेअरिंग मात्र खातं. चढून वर पोचल्यावर चहाला थांबायचं असेल तर चावी लगेच फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. टर्बो तेव्हा तापलेला असतो आणि त्याचं ऑइल इंजिनाकडून येतं.

उताराला डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे लोक मी पाहते आणि मला धडकी भरते. गियरमध्ये गाडी सोडली तर इंजिनच तिला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर कमी लागतात. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला मिळणारी जोडही थोड्याच दाबांत संपते. ज्या गियरने चढलात त्याच गियरने उतरा.

६. माणसं आणि माल एकत्र नेताना माणसांचा विचार आधी.

व्हेंचर लांबीला चार मीटरांच्या आत आणि उंच आहे, त्यामुळे देवरुखच्या बाजारपेठेत कुठेही वळते आणि दोन्ही बाजूंच्या सरकत्या दारांमुळे गल्लीत माल उतरवणं सोपं जातं. पण उंच गाडी वळणावर कलते. म्हणून आगळीचे कॅन, पिठाची पोती असं जड सामान तळाशी आणि शक्य तितकं पुढे, मधल्या सीटच्या पाठीला टेकून. वर पापडाचे हलके खोके. आंब्याच्या पेट्या पाठीच्या उंचीपर्यंतच, आणि त्यांवरून दोरी आडवी-उभी. सासूबाई मधल्या सीटवर असतील तर त्यांच्या डोक्यामागे काहीही सैल ठेवत नाही. भाऊजी एकदा म्हणाले, “एवढं काय बांधायचं, इथेच तर जायचंय.” त्यांना मी रिकामी पेटी उचलायला दिली, मग आंब्याने भरलेली. जोरात ब्रेक लागला की ती भरलेली पेटी मागून कुठे येईल हे वेगळं सांगावं लागलं नाही.

सात सीटची गाडी आहे म्हणून सात माणसं आणि वर माल, असं करू नका. भरलेल्या दिवशी टायरमध्ये हवा दाराजवळच्या तक्त्याप्रमाणे किंवा पुस्तकात दिली असेल तशी वाढवा. वेग साठ-सत्तरच्या आतच बरा.

७. पांढऱ्या पाटीवर भाडं मारू नका. शेजारच्याच्या पेट्या पैसे घेऊन नेणं, जत्रेला माणसं सोडणं, हे खासगी गाडीला चालत नाही. अपघात झाला तर विम्याचे पैसे अडतात. भाडंच करायचं असेल तर पिवळ्या पाटीची गाडी आणि तिचे कागद करा.

८. काळा धूर खपवून घेऊ नका.

जुनं डिझेल म्हणजे धूर येणारच, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. एअर फिल्टर कोंदला असेल, नोझल नीट फवारत नसेल, पंपाचं सेटिंग बिघडलं असेल तर धूर होतो, आणि तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आपल्याच पैशांचं. पण पैशांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे आमच्या रस्त्यावर शाळेची मुलं गाड्यांच्या मागून चालत असतात. पीयूसीचा कागद खिशात आहे एवढ्यावर समाधान मानू नका. चढाला आरशात मागे बघा. धूर दिसला की पंप-नोझलवाल्याकडे जा.

९. टाकी कधी तळाला नेऊ नका. डिझेल संपलं की लाइनमध्ये हवा शिरते आणि नंतर डिझेल भरूनही गाडी सुरू होत नाही, हाताने पंप मारत बसावं लागतं. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सोडून साठलेलं पाणी काढा. थंडीच्या सकाळी चावी फिरवल्यावर स्प्रिंगच्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. त्या वेळात हीटर प्लग तापत असतात.

१०. कागदांचं वय गाडीच्या वयाएवढंच बघा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ च्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपेल. नंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढते, पण २०२२ च्या एप्रिलपासून त्या नूतनीकरणाची फी पाच हजार आहे, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लावलेली हवी. हे सगळं उरकलेली गाडी थोडी महाग मिळाली तरी घ्या. दिल्लीच्या बाजूला जुन्या डिझेलवर वेगळे निर्बंध आहेत, म्हणून तिकडून स्वस्तात आलेल्या गाडीचे कागद आपल्या आरटीओत चालतील का, हे पैसे देण्याआधी विचारा.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या घराला आठवड्यातून लांबची भरलेली फेरी आहे, अंगणात गाडी उभी करायला जागा आहे आणि सकाळी सीट उचलून बघणारं एक माणूस आहे, त्या घराने चांगल्या कागदांची जुनी डिझेल व्हॅन बिनधास्त घ्यावी. किंमत ठरवताना बेल्ट, पाईप, टायर आणि बॅटरी यांचे पैसे बाजूला काढून ठेवा आणि उरतील तेवढ्यातच गाडी शोधा.