ढोलाचा नाद मोठा कसा होतो?

घरी ड्रम वाजवून त्याचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यास पहिला अनुभव बहुधा निराशेचा येतो. प्रत्यक्षात छाती दणाणून सोडणारा नाद यंत्रातून परत ऐकताना रिकाम्या डब्यासारखा भासतो. यात दोष वादकाचा असतोच असे नाही, आणि यंत्राचाही नाही. नादाचा मोठेपणा कशात आहे हे समजून घेतले म्हणजे या कोड्याचा उलगडा होतो.

चर्मवाद्यावरील आघात क्षणार्धात संपतो. नंतर ऐकू येणाऱ्या नादात भिंतींवरून परतलेल्या ध्वनीचा वाटा फार मोठा असतो. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. वाद्यापासून भिंत ३ मीटरवर असेल तर तो सुमारे १७ सहस्रांश सेकंदात परततो. १५ मीटरवर असेल तर सुमारे ८७ सहस्रांश सेकंद लागतात. या विलंबावरून आणि नाद विरण्यास लागणाऱ्या वेळावरून आपला कान जागेचा आकार ताडतो. देवळाच्या सभामंडपात साधी टाळीही भारदस्त वाटते, ती याच कारणाने.

याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. लेड झेपेलिन या वाद्यवृंदाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गीतासाठी जॉन बॉनम याचे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालील दालनात मांडले होते. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने दोन मायक्रोफोन वर जिन्यावर टांगले, आणि आलेला ध्वनी कॉम्प्रेसर व प्रतिध्वनियंत्र यांतून नेला. वास्तूने निम्मे काम केले, उरलेले यंत्रांनी.

ज्याच्या घरी असा जिना नाही, त्याला आज संगणक साहाय्य करतो. त्यातील तीन साधने मुख्य होत.

पहिले, इक्वलायझर. मोठ्या ड्रमचा गंभीर पाया साधारण ६० ते १०० हर्ट्झ या पट्ट्यात असतो, आणि डब्यासारखा पोकळपणा बहुधा ३०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास. पाया वाढविण्यापूर्वी पोकळपणा थोडा कमी करून पाहावा.

दुसरे, कॉम्प्रेसर. हे ठरावीक मर्यादेपलीकडील ध्वनी दाबते. प्रमाण ४ : १ असेल तर मर्यादेवर ८ डेसिबल चढणारा आघात २ डेसिबलच चढतो. नंतर एकंदर पातळी वाढविली की आघातामागील मंद गुंजन वर येते. मूळ नाद तसाच ठेवून त्यात दाबलेली प्रत मिसळली, तर आघाताची धारही टिकते.

तिसरे, रिव्हर्ब. हे मोठ्या दालनातील परावर्तनांची गणिताने नक्कल करते. मात्र त्यातील खालचे स्वर छाटावेत, नाहीतर सारा नाद गढूळ होतो. लांबलेली गुंज एकदम तोडण्याचीही एक रीत आहे. ह्यू पॅजम या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली ती आकारास आली, आणि फिल कॉलिन्स याच्या १९८१ मधील ‘इन द एअर टुनाइट’ या गीताने सर्वतोमुखी झाली.

येथे एक इशारा आवश्यक आहे. कानाला अधिक जोराचा आवाज सहसा अधिक चांगलाही वाटतो. म्हणून संस्कारापूर्वीचा व नंतरचा नाद समान पातळीवर आणूनच तुलना करावी. तसे न केल्यास आपण स्वतःलाच फसवितो. शिवाय प्रत्येक आघात सारखाच प्रचंड केला, तर वादकाने मनगटाने साधलेला हलका-भारी भेद नाहीसा होतो, आणि ताल जिवंत राहतो तो त्या भेदामुळेच.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, प्रथम वाद्य नीट स्वरात लावा, मायक्रोफोन जवळ व दूर ठेवून पाहा, खोली बदलून पाहा. मगच यंत्राकडे वळा. यंत्र नादाला मोठी जागा देऊ शकते. त्या जागेत शोभेल असे वाजविणे मात्र वादकाच्याच हाती असते.