घरचा विस्तव



‘आपल्याच भागात फादर कमी पडतात, मग मुलाला दूरदेशी मिशनला का पाठवायचे?’ असे आईवडील विचारतात. प्रश्न रास्त आहे.

फ्रान्सच्या राज्यक्रांतीनंतर सॅव्हॉय प्रांतातील खेड्यांत श्रद्धा मंदावली होती. फादर पीटर मेरी मर्मिये गावोगावी फिरून प्रवचने देत. १८३८ साली अ‍ॅनसी येथे त्यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनरी संस्था स्थापन केली. घरचे काम अजून पुरे झाले नव्हते. तरीही १८४५ साली त्यांनी चार फादर व दोन ब्रदर भारतात पाठवले. विशाखापट्टणमचे हे मिशन नागपूरपर्यंत पसरले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला. त्यातून १९५५ साली अमरावती आणि अमरावतीतून १९७७ साली आपला औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला. मर्मिये १८६२ साली प्रभुघरी गेले. भारत त्यांनी कधी पाहिला नाही.

शेजारणीला विस्तव दिल्याने आपली चूल विझत नाही. आपली चूलही अशाच दुसऱ्याच्या विस्तवाने पेटली आहे.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी विचार करा: पाठवण्याची पाळी आपल्या घरावर आली, तर आपण प्रभूला काय उत्तर देऊ?