शत्रूच्या जखमा बांधणारे हात

शास्त्रपाठ : निर्गम 20:13, गणना 35:9-28



कुंभकोणमच्या मुक्कामात, तंजावरी मराठी बोलणाऱ्या एका घरी, तरुणांसमवेत ‘ट्रायगन’ ही 1998 सालची जपानी चित्रमालिका पाहिली. तिचा नायक व्हॅश अचूक नेमबाज आहे. तरी कोणाचाही जीव घ्यायचा नाही, हा त्याचा निश्चय. परंतु 26 पैकी 24 व्या भागात, दोन मैत्रिणींना वाचवण्यासाठी तो लेगाटोला गोळी घालतो. “मग त्याने आज्ञा मोडली का?” तरुणांनी विचारले.

आपल्या मराठी शास्त्रात या आज्ञेत ‘खून’ हा शब्द आहे. मूळ इब्री धातू ‘रात्साख’ त्याहून व्यापक आहे. चुकून मनुष्यवध घडल्याने शरणपुराकडे पळणाऱ्यासाठीही तोच योजला आहे. त्याला आश्रय मिळे. पण महायाजकाच्या मृत्यूपर्यंत घरी परतता येत नसे. हेतू नसतानाही सांडलेल्या रक्ताचा भार देवासमोर राहतो, हे यातून कळते.

व्हॅशने तर जाणूनबुजून गोळी झाडली. तो ‘नाइलाज होता’ म्हणून सुटू पाहत नाही; शोकाने खचतो. तरी निश्चय सोडत नाही. शेवटी, असंख्यांचे प्राण घेणारा जुळा भाऊ नाइव्ह्ज हाती सापडतो, तेव्हा तो त्याच्या जखमा बांधतो व त्याला खांद्यावर वाहून नेतो.

वाचकहो, एकदा पतन झाले म्हणून आज्ञापालन संपत नाही. पश्चात्तापानंतर तेच हात पुन्हा देवाला द्यायचे असतात. आज आपण कोणाच्या जखमा बांधणार आहोत?